झेड-४ चा निळा धूर आणि शिट्टी: क्रँककेस व्हेंटिलेशनचं सामान बदलायचंय, सल्ला हवा

मांडवीकाठ, पणजी

नमस्कार मंडळी. गाडी बीएमडब्ल्यू झेड-४, ई-८५ पिढीतली, २००४ चं मॉडेल. ३ लिटरचं एम-५४ इंजिन, मॅन्युअल गिअर. परदेशातून आलेली गाडी, माझ्या हातात आली तेव्हाच बरीच जुनी होती. रोजचा वापर पणजी, मिरामार, दोनापावल एवढाच. मोकळा रस्ता मिळतो तो बेळगावला जाताना.

तक्रार अशी आहे. चोर्ला घाट उतरताना मी गाडी गिअरवर आवरत येतो. खाली केरीला पोचून पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की आरशात निळ्या धुराचा लोट दिसतो. थोडं पुढे गेलं की धूर बंद, सपाट रस्त्यावर काहीच नाही. आयडलिंगला बारीक शिट्टी येते. चालू इंजिनावर तेलाचं झाकण काढायला गेलं तर ते आतून कोणी ओढून धरल्यासारखं घट्ट असतं. जोर लावून काढलं की शिट्टी थांबते आणि इंजिन अडखळायला लागतं. इंजिनाचा दिवा लागलाय, कोड पी ०१७१ आणि पी ०१७४. तेल हजार-बाराशे किलोमीटरला लिटरभर टाकावं लागतं.

एका गॅरेजमध्ये सांगितलं की पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवून बांधावं लागेल. कॉम्प्रेशन मात्र कोणी तपासलं नाही. मला हे पटत नाही. माझा संशय क्रँककेस व्हेंटिलेशनवर, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीतला वायू बाहेर काढणाऱ्या व्यवस्थेवर आहे. ज्यांनी एम-५४ वर हे काम केलंय त्यांनी सांगा: खात्री कशी करायची, काय काय बदलायचं, आणि हे गोव्यात करून घेता येईल का?

पाना_दहा, फोंडा

दादा, इंजिनाला हात लावू देऊ नका. तुम्ही जे लिहिलंय त्यात रिंगांपेक्षा व्हेंटिलेशनच जास्त बोलतंय.

रिंगा गेलेली गाडी चढावर, जोर लागला की धूर सोडते. तुमची उतारानंतर सोडते. उतारावर थ्रॉटल बंद आणि इंजिन मात्र फिरतंय, तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये ओढ सगळ्यात जास्त असते. त्या ओढीने तेल कुठून तरी वर येतं आणि खाली पोचून रेस दिली की जळतं. ते येण्याच्या वाटा मुख्यतः दोन. एक, व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची सीलं. दुसरी, व्हेंटिलेशनचा व्हॉल्व्ह. सीलं गेली असती तर धूर दिसला असता, पण झाकण असं ओढलं गेलं नसतं आणि शिट्टीही आली नसती.

आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाब किती बनतो) आणि लीकडाउन (तो दाब किती गळतो), दोन्ही चाचण्या करून घ्या. प्लग काढले की अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्यात सहाही सिलिंडर जवळपास सारखे आले तर रिंगांचा विषय मिटला.

सहा_सिलिंडर, म्हापसा

पाना_दहा यांच्याशी सहमत. ज्यांना ही भानगड नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण धागा पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

कुठल्याही इंजिनात पेटलेल्या वायूचा थोडा भाग रिंगांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. नव्या इंजिनातही उतरतो. त्यात न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ आणि आम्लं असतात. याला बाहेर वाट दिली नाही तर दाब वाढून सीलांतून तेल गळायला लागतं. पूर्वी एक उघडी नळी खाली सोडून हा वायू रस्त्यावर टाकत. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियापासून ही नळी बंद करून वायू परत इनटेकमध्ये नेऊन जाळायची पद्धत सुरू झाली. तिथल्या धुरक्यामागे गाड्यांतून निघणारे हायड्रोकार्बन आहेत हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवून दिलं होतं, आणि त्या हायड्रोकार्बनचा मोठा वाटा या उघड्या नळीतून येत होता.

एम-५४ मध्ये व्हॉल्व्ह कव्हरमधून एक होज निघते आणि इनटेक मॅनिफोल्डच्या पोटाखाली बसवलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात जाते. आपण ज्याला सीसीव्ही म्हणतो तो हाच डबा. त्याचं काम दुहेरी आहे. आत शिरलेला वायू गोल फिरतो, तेलाचे थेंब भिंतीला लागून खाली घसरतात आणि एका होजने डिपस्टिकच्या नळीत उतरून सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या तेलाच्या भांड्यात, परत जातात. उरलेला वायू वरच्या नळीने मॅनिफोल्डमध्ये जातो. दुसरं काम ओढ आवरण्याचं. डब्यात रबराचा एक पडदा आणि स्प्रिंग आहे. मॅनिफोल्डची ओढ कितीही असली तरी क्रँककेसपर्यंत तिचा थोडासाच भाग पोचावा एवढी वाट हा पडदा ठेवतो.

पडदा फाटला की मॅनिफोल्डची ओढ सरळ क्रँककेसला लागते. मग वायूबरोबर तेलाचे थेंबही वर खेचले जातात. क्रँकच्या सीलाच्या ओठातून हवा आत ओढली जाते, शिट्टी बहुधा तिथलीच. पडद्याच्या बाहेरच्या बाजूला झाकणात एक बारीक भोक असतं, कारण त्या बाजूला बाहेरच्या हवेचा दाब लागतो. पडदा फाटला की त्या भोकातून आलेली हवा एअरमास सेन्सरला (आत येणारी हवा मोजणारा) न कळता इनटेकमध्ये शिरते. संगणकाला मिश्रण पातळ दिसतं. तुमचे दोन्ही कोड हेच सांगतायत: दोन्ही बँकांवर (तीन-तीन सिलिंडरच्या दोन गटांवर) एकाच वेळी पातळ मिश्रण, म्हणजे हवा सामाईक वाटेने शिरतेय. हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतं, तरी मोजल्याशिवाय सामान मागवू नका.

मांडवीकाठ, पणजी

मनापासून आभार. आता चित्र स्पष्ट झालं. पण मोजायचं कसं? आणि डिपस्टिकच्या भोकाला गेज लावून चालेल का?

सत्तरीची_लेक, वाळपई

डिपस्टिकच्या भोकाला लावू नका. या इंजिनात डिपस्टिकच्या नळीचं खालचं टोक तेलात बुडालेलं असतं, तिथे क्रँककेसमधल्या हवेचं माप नीट मिळत नाही. माप तेलाच्या झाकणाच्या जागी घ्यायचं.

माझ्याकडे याच इंजिनाची जुनी ३ सिरीज आहे. बाबांचं बांधकामाचं काम, त्यामुळे घरात पाणसळीची पारदर्शक नळी होतीच, तीच वापरली. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. एक जुनं किंवा स्वस्तातलं तेलाचं झाकण घ्या, त्याला भोक पाडून पितळेची छोटी निपल बसवा आणि भोवती एपॉक्सी लावा. नळीचा इंग्रजी यू आकार करून फळीवर खिळवा आणि अर्ध्यापर्यंत पाणी भरा. पाण्यात कपड्यांची नीळ दोन थेंब टाका म्हणजे पातळी स्पष्ट दिसते. मधे स्केल लावा. नळीचं एक टोक झाकणाच्या निपलला, दुसरं उघडं.

एक गोष्ट अजिबात विसरू नका. झाकण आणि यू नळी यांच्यामध्ये झाकणबंद रिकामी बाटली जोडा, दोन नळ्या तिच्या बुचातून आत. पडदा पूर्ण फाटलेला असेल तर पाणी इंजिनाकडे उडी मारतं. ते बाटलीत पडलं पाहिजे, इंजिनात नाही.

इंजिन पूर्ण गरम, आयडलिंगवर, एसी आणि दिवे बंद. दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत १० ते १५ सेंटीमीटरचा फरक आला तर सगळं ठीक. एक सेंटीमीटर पाणी म्हणजे जवळजवळ एक मिलिबार, त्यामुळे हिशोब सोपा आहे. फरक त्याच्या बराच वर गेला तर पडदा फाटलाय. फरक जवळजवळ शून्य असेल किंवा पाणी उलट बाजूला ढकललं जात असेल तर वाट तुंबली आहे, किंवा रिंगांमधून फार वायू येतोय. म्हणजे रिंगांबद्दलही हेच माप थोडंफार सांगतं.

घाटवाट, साखळी

ताई, यू नळीची युक्ती एकदम उत्तम. वाचनखूण साठवली.

मी वेगळं सुचवतो. हा डबा काढूनच टाका. बाजारात ऑईल कॅच कॅन मिळतात. व्हॉल्व्ह कव्हरची होज कॅनमध्ये सोडायची, कॅनला वर छोटा फिल्टर लावायचा आणि मॅनिफोल्डची बाजू बंद करायची. ट्रॅकवरच्या गाड्या असंच करतात. पुन्हा पडद्याचं झंझट नको आणि इनटेकमध्ये तेलही नको.

सहा_सिलिंडर, म्हापसा

घाटवाट बाब, ट्रॅकवर ठीक आहे, रस्त्यावर माझा याला विरोध आहे.

पहिलं कारण, उघडा कॅन म्हणजे साठ वर्षांपूर्वीची उघडी नळीच पुन्हा आली. भारत स्टेजच्या मान्यता चाचण्यांमध्ये पेट्रोल गाडीच्या क्रँककेसमधून वायू बाहेर सुटतो का याची स्वतंत्र चाचणी आहे आणि तो सुटता कामा नये. पीयूसीच्या यंत्राची नळी सायलेन्सरला लावतात म्हणून हे तिथे पकडलं जाणार नाही, पण म्हणून ते योग्य ठरत नाही. झेड-४ चं छत उघडून पणजीच्या सिग्नलला उभं राहिलं की तो वास आधी आपल्याच नाकात येतो.

दुसरं कारण इंजिनाचं आहे. क्रँककेसमध्ये थोडी ओढ राहिली तर पाण्याची वाफ आणि पेट्रोलचा अंश तेलातून सतत बाहेर काढला जातो. ओढ काढून घेतली की ते तेलातच मुरतं. रोज चार-पाच किलोमीटर चालणाऱ्या गाडीला हे सगळ्यात वाईट.

घाटवाट, साखळी

पटलं. माझी गाडी रविवारी लांब जाते, म्हणून मला तसा त्रास जाणवला नसेल. बंद पद्धतीचा कॅन, म्हणजे वायू परत मॅनिफोल्डमध्ये नेणारा, याबद्दल तुमचं मत काय?

सहा_सिलिंडर, म्हापसा

तो चालतो, पण मूळ पडदा धडधाकट असेल तरच, आणि कॅन वेळेवर रिकामा करणार असाल तर. पावसाळ्यात त्यात तेलापेक्षा पाणीच जास्त साठतं. विसरलात तर ते सगळं एकदम ओढलं जाईल.

पर्वरीचा_बॉक्सस्टर

पोर्शवाल्यांकडूनही थोडं. बॉक्सस्टर आणि ९९६ पिढीच्या ९११ मधल्या एम-९६ इंजिनात हेच काम करणारा भाग एओएस (एअर-ऑईल सेपरेटर) म्हणून ओळखला जातो. त्याचा पडदा फाटला की सकाळी गाडी सुरू करताना पांढऱ्या धुराचा एवढा ढग येतो की शेजारचे आग लागली म्हणून धावत येतात. तिथेही लोक घाबरून इंजिन गेलं असं समजतात.

एक फरक लक्षात ठेवा. आडव्या सिलिंडरच्या इंजिनात गाडी बरेच दिवस उभी राहिली की थोडं तेल सिलिंडरमध्ये जमतं आणि सुरू करताना निळसर झुळूक येते. ती क्षणात जाते आणि तो दोष नाही. सरळ सहा सिलिंडरच्या एम-५४ मध्ये असं कारण नाही, म्हणून तुमच्याकडे धूर दिसला की शोध घ्यायलाच हवा.

मांडवीकाठ, पणजी

मोजलं. ताईंनी सांगितल्याप्रमाणे फळी, नळी, नीळ, बाटली, सगळं केलं. इंजिन आयडलिंगला येताच निळं पाणी वर चढलं आणि सरळ बाटलीत जाऊन पडलं. स्केल वाचायची वेळच आली नाही. बाटली नसती तर ते पाणी व्हॉल्व्ह कव्हरमध्ये गेलं असतं. ताई, त्या एका ओळीबद्दल विशेष आभार.

कॉम्प्रेशन आणि लीकडाउनही करून घेतलं. सहाही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत. म्हणजे इंजिन बांधायची गरज नाही. आता सामान काय काय मागवू?

पाना_दहा, फोंडा

बघा, वाचलं ना इंजिन!

आता काटकसर करू नका. नुसता डबा बदलून बाकीच्या होज जुन्याच ठेवल्या तर पुन्हा मॅनिफोल्ड काढायची पाळी येईल. वीस वर्षांत ते प्लॅस्टिक इतकं ठिसूळ होतं की हात लावला की तुकडे पडतात. डबा, व्हॉल्व्ह कव्हरपासूनची होज, मॅनिफोल्डकडे जाणारी नळी आणि डिपस्टिकपर्यंत तेल परत नेणारी होज, हा सगळा संच एकदम घ्या. इनटेक मॅनिफोल्डची गास्केटं नवी. डिपस्टिकच्या नळीखालचा ओ-रिंग नवा. मॅनिफोल्डच्या मागे व्हॅक्यूमच्या छोट्या रबरी टोप्या असतात, त्या हमखास तडकलेल्या असतात, त्याही घ्या. ऑईल फिल्टरच्या घराचं गास्केट बघा, तिथे ओल दिसली तर ते याच वेळी बदला, कारण मॅनिफोल्ड बाहेर असताना तिथे पोचणं सोपं जातं. डिसा व्हॉल्व्ह (मॅनिफोल्डमधली हवेची वाट बदलणारी झडप) हातात आलाच आहे तर त्याची पाती सैल आहे का तपासा. पातीची पिन तुटून आत गेली तर इंजिनाचं मोठं नुकसान होतं.

आणि डिपस्टिकची नळी! लोक नेमकी हीच विसरतात.

सहा_सिलिंडर, म्हापसा

डिपस्टिकच्या नळीबद्दल +१. या नळीत दोन वाटा आहेत. आतल्या वाटेने पट्टी जाते आणि तिच्याभोवतीच्या अरुंद वाटेने डब्यातलं तेल खाली उतरतं. ही अरुंद वाट गाळाने भरली की नवा डबा बसवूनही उपयोग नाही, कारण तेल खाली जाऊ शकत नाही. ते डब्यात साठत राहतं आणि एखाद्या दिवशी घोटभर तेल एकदम सिलिंडरमध्ये जातं. तेल दबत नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. थंड देशांत हीच वाट बर्फाने बंद होते, म्हणून तिथे होजना फोमचं आवरण असलेला संच मिळतो. आपल्याकडे बर्फ नाही, पण गाळ तेच करू शकतो.

आवरणाचा संच घ्यायची गोव्यात गरज नाही. साधा घ्या, तो बसवायलाही सुटसुटीत आहे, जागा कमी खातो. मूळ कंपनीचा किंवा तिला पुरवठा करणाऱ्या उत्पादकाचा घ्या. नाव नसलेल्या डब्यातला पडदा किती टिकेल याचा भरवसा नाही, आणि मजुरी तर दोन्हीला सारखीच लागते.

डिचोलीकर

माझ्या झाकणाखाली पावसाळ्यात फिकट पिवळा फेस जमतो. सगळे म्हणतात गोव्याच्या दमट हवेने होतं. हे खरं का? मग दर पावसाळ्यात हे सामान खराब होणारच?

सत्तरीची_लेक, वाळपई

दमट हवेचा वाटा आहे, पण लहान. पाणी मुख्यतः पेट्रोलमधूनच येतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, थोडं रिंगांतून खाली उतरतं. इंजिन पूर्ण तापलं तर खालचं पाणीही वाफ होऊन व्हेंटिलेशनमधून निघून जातं. आपण बाजारापर्यंत जाऊन परत येतो तेवढ्यात कुलंट गरम झालेला दिसतो, पण तेल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. मग पाणी आणि तेल मिसळून तो फेस होतो आणि होजमध्ये, डब्यात, डिपस्टिकच्या नळीत साचतो.

पावसाळ्यात हे वाढतं कारण आपण लांब जात नाही. स्पोर्ट्स गाडी तर जून ते सप्टेंबर झाकूनच ठेवली जाते आणि अधूनमधून अंगणात दहा मिनिटं सुरू करून बंद केली जाते. ते दहा मिनिटांचं सुरू करणं पूर्ण बंद ठेवण्यापेक्षा वाईट. सुरू केलीच तर पाऊस उघडल्यावर निदान अर्धा तास नीट चालवून आणा, म्हापसा ते मोपा विमानतळाचा रस्ता त्यासाठी छान आहे. नाहीतर सुरू करू नका, बॅटरीला चार्जर लावून ठेवा.

फेसाबरोबर कुलंटही कमी होत असेल तर मात्र थांबा आणि हेड गास्केट तपासा.

घाटवाट, साखळी

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याने हा पडदा लवकर जातो का?

सहा_सिलिंडर, म्हापसा

इथेनॉलचा थेट संबंध इंधनाच्या वाटेतल्या रबराशी येतो: पाइप, ओ-रिंग, पंप. २००४ ची गाडी २० टक्क्यांसाठी बनलेली नाही, म्हणून इंधनाच्या होज दरवर्षी तपासायच्याच. मॅनिफोल्ड काढाल तेव्हा फ्युएल रेल हातात येईल, इंजेक्टरचे ओ-रिंग तेव्हाच बदलून घ्या. पडद्याचं आयुष्य मात्र उष्णता, तेलाची वाफ आणि वय यावर ठरतं. तुमचा पडदा इथेनॉल यायच्या आधीच म्हातारा झाला होता.

मांडवीकाठ, पणजी

काम झालं. फोंड्याच्या पाना_दहा भाऊंनी स्वतः उभं राहून करून घेतलं, त्यांचे किती आभार मानू कळत नाही. जे पाहिलं ते लिहितो.

झेड-४ ची बॅटरी डिकीत असते, आधी तिची निगेटिव्ह काढली. इंधनाचा दाब उतरवला. एअर फिल्टरचा डबा, रबरी बूट, थ्रॉटल, डिसा, फ्युएल रेल, असं एकेक काढत गेलो. प्रत्येक नटबोल्ट कुठला हे लिहिलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. मॅनिफोल्डचे मागचे नट दिसत नाहीत, बोटांनी चाचपून पाना लावावा लागतो. मॅनिफोल्ड सुटल्याबरोबर भाऊंनी पहिलं काम केलं ते सहाही भोकांत स्वच्छ फडक्याचे बोळे घालण्याचं, आणि बोळे मोजून ठेवण्याचं.

मॅनिफोल्ड उलटा केला तर त्यातून काळं तेल चहाच्या कपभर तरी निघालं. तेच चोर्ल्याच्या पायथ्याशी जळत होतं. व्हॉल्व्ह कव्हरकडची होज हातात घेतली आणि मधोमध तुटली, आतली भिंत बिस्किटासारखी चुरली. डबा उघडून बघायचा मोह आवरला नाही. झाकण कापलं तर पडदा एका कडेला अर्ध्या वर्तुळात फाटलेला, रबर कडक, दुमडलं की भेगा दिसायच्या.

डिपस्टिकच्या नळीची गोष्ट वेगळीच. बाहेरच्या वाटेत हवा मारली तर हवा जाईना. रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवली, बारीक तार घातली, तेव्हा काळा चिकट गाळ सुटला. तरी भाऊंना ती मनासारखी मोकळी वाटेना, म्हणून नवी मागवली. त्यासाठी काम थांबलं आणि चवथ गाडीविनाच गेली, पण ती जुनी नळी परत बसवायला माझंही मन घेत नव्हतं.

पाना_दहा, फोंडा

नळीसाठी थांबलात हे फार चांगलं केलंत. गिऱ्हाईक घाई करतं आणि मग नवा डबा सहा महिन्यांत तेलाने भरतो.

इतरांसाठी बसवण्यातल्या दोन गोष्टी. नव्या होजचं कडं डब्यावर बसताना टिक असा आवाज यायला हवा. तो आला नाही तर बसली नाही. वर मॅनिफोल्ड आल्यावर खालची होज पुन्हा हाताला लागत नाही, म्हणून आधी प्रत्येक जोड ओढून पाहायचा. दुसरं, मॅनिफोल्डचे नट मॅन्युअलमधल्या जोरानेच, मधून बाहेर अशा क्रमाने आवळायचे. आणि सगळं झाल्यावर तेल आणि फिल्टर बदला, कारण नळी काढताना गाळाचे कण खाली पडलेले असू शकतात.

सुरू करण्याआधी फडक्याचे बोळे मोजले का, हे पुन्हा एकदा मोजा.

मांडवीकाठ, पणजी

बोळे सहाच्या सहा बाहेर. तेल, फिल्टर नवे.

पुन्हा तीच फळी लावली. गरम इंजिन, आयडलिंग, फरक १२ सेंटीमीटर. पाणी जागेवर स्थिर, किंचित थरथरतं. शिट्टी पूर्ण गेली. झाकण दोन बोटांनी निघतं. कोड पुसले, परत आले नाहीत.

एक शंका: चोर्ल्यावरून आणली तेव्हा खाली पहिल्यांदा अजून थोडा धूर आला. पूर्वीपेक्षा खूप कमी, पण आला.

सहा_सिलिंडर, म्हापसा

काळजी नको. मॅनिफोल्ड पुसला तरी पोर्टमध्ये आणि व्हॉल्व्हच्या मागे जमलेलं तेल राहतं, एक्झॉस्टमध्येही राहतं. ते जळून जायला थोडा वेळ लागतो. पुढच्या टाकीनंतरही तेवढाच धूर राहिला तर व्हॉल्व्हच्या सीलांकडे वळू.

तेलाबद्दलही अपेक्षा योग्य ठेवा. ३ लिटरच्या एम-५४ मध्ये तेल खरवडणाऱ्या रिंगा कमी ताणाच्या आहेत, त्यामुळे तेल थोडं लागतंच. शून्यावर येणार नाही. वापर अर्ध्यावर आला तरी हे काम सार्थकी लागलं.

मांडवीकाठ, पणजी

काही आठवड्यांनी लिहितोय. धूर गेला. तेलाचा वापर अर्ध्याहून खाली आलाय. आता आठवड्यातून एकदा तरी गाडी फोंडामार्गे लांब नेतो, तेल नीट तापेपर्यंत.

मडगावचा_एन५२

माझी झेड-४ २००७ ची, एन-५२ इंजिन. शिट्टी अशीच येते. हीच सगळी पद्धत लागू होईल का?

सहा_सिलिंडर, म्हापसा

मोजायची पद्धत लागू, पण आमच्या मापाशी तुलना करू नका, तुमच्या इंजिनाचं माप मॅन्युअलमधून घ्या. सामान वेगळं आहे. एन-५२ च्याच नंतरच्या आवृत्त्यांत पडदा प्लॅस्टिकच्या व्हॉल्व्ह कव्हरमध्येच बसवलेला असतो, आधीच्या काहींत तो बाहेर आहे. बोनेट उघडून कव्हरचा फोटो टाका, मग सांगतो. कव्हर काढायची वेळ आली तर लक्षात ठेवा की हे मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचं इंजिन आहे. त्यात ॲल्युमिनियमचे बोल्ट आहेत आणि ते एकदा सुटले की पुन्हा वापरायचे नसतात. कव्हरचे बोल्ट सामानाच्या यादीत आधीच लिहून ठेवा.

मडगावचा_एन५२

उद्या सकाळी उजेडात फोटो काढून टाकतो. पाणसळीची नळी आजच घेऊन आलो.